मंजुळाच्या नावापुढचा रकाना

मी आठ महिने एका फौजेची नोकरी केली. कुठल्या देशाची फौज, ते मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. गणवेश नव्हता, बंदूक नव्हती. हातात पुठ्ठ्याची पाटी, तिच्या चिमट्यात फॉर्म आणि पायात भिवंडीच्या गटारांना सरावलेली चप्पल, एवढंच हत्यार.

या अंकाच्या संपादकांनी खरं तर यंत्रमागावर लिहायला सांगितलं होतं. बत्तीस वर्षं मी जॉबर होतो. जॉबर म्हणजे मागाचा वैद्य. कारखान्याच्या दारात उभा राहिलो की त्या सगळ्या खडखडाटातून कुठल्या मागाचा धोटा अडखळतोय ते मला कानाने कळायचं. पण मागाबद्दल भिवंडीतला प्रत्येक जण लिहितो, आणि ज्याने कधी तेलात हात घातला नाही तो जास्त लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस. एकच गोष्ट लिहायची उरलीय, ती लिहितो.

दोन हजार आठ-नऊचा काळ. आमच्या शेठने माग भंगारात काढले होते. मी घरी बसून बायकोच्या कामात चुका काढत होतो. पुतण्या वळ गावच्या गोदामात हमालीवर देखरेखीला होता, तो एक दिवस आला.

"काका, आमच्या गोदामाच्या माळ्यावर कम्प्युटरची कंपनी आलीय. त्यांना भिवंडी माहीत असलेला माणूस पायजे."

"कुठली भिवंडी?" मी म्हटलं. "खाडीकडची, मोमीनांची, तेलुगूंची, आगऱ्यांची, का गोदामांची?"

"हेच त्यांना सांग," तो म्हणाला, "नोकरी पक्की."

पक्की झाली. साहेबांचं नाव सोनटक्के. विदर्भातला मुलगा, तिशीचा, काटकुळा, बोलायला गोड. गोदामात खाली सुताचे गठ्ठे आणि वर माळ्यावर थंडगार काचेची खोली. तिथे बसून त्याने मला धंदा समजावला, तो तुम्हालाही सांगतो.

प्रत्येक घर म्हणजे मशीनमध्ये एक ठिपका. या घराचं त्या घराशी काही नातं असेल, सोयरीक, उधारी, भांडण, एका नळाचं पाणी, तर दोन ठिपक्यांमध्ये एक रेघ. ज्या ठिपक्याला रेघा जास्त, त्याचा गोल मोठा. मग मशीन स्वतःच रंग देतं. हिरवा म्हणजे आपला. पिवळा म्हणजे संशयाचा. लाल म्हणजे याच्यावर नजर ठेवा. घरोघर जाऊन फॉर्म भरायचे, मशीनला चारायचे आणि मशीन सांगणार की या गावात कोण कोणाचं ऐकतं.

"साहेब, हे तर आमचा न्हावी सांगेल," मी म्हटलं.

"काका, न्हावी परदेशात पाठवता येत नाही," तो म्हणाला.

मला वाटलं साबण विकायचा असेल. दोन महिन्यांनी कळलं की हे मशीन एका परदेशी फौजेला विकायचंय. ती फौज कुठल्याशा डोंगराळ मुलखात घुसून बसली होती आणि तिथे कोण कोणाचा कोण, हे तिला समजेना. म्हणून आधी सराव. सरावाला भिवंडी का? तर इथे सगळ्या जाती, सगळे धर्म, सगळ्या भाषा एका गल्लीत मिळतात आणि चहा पाजला की माणूस बोलतो. वर भिवंडीचं नाव घेतलं की बाहेरच्याला दंगलच आठवते. आमच्या बदनामीचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा.

माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. दुसऱ्याच्या घरात शिरून 'तुमच्यात मोठा कोण' असं विचारावं लागत असेल, तर मुळात शिरू नये. पण मत घरी ठेवून मी कामावर जात होतो. पोट होतं.

फॉर्म कुणी बनवला होता देव जाणे. पहिलाच प्रश्न, 'तुमच्या जमातीचा प्रमुख कोण?' तेलुगू विणकरांच्या गल्लीत हा विचारला तर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक म्हणाली, "नळाचा चावीवाला." दुसरी म्हणाली, तोच. तिसरी म्हणाली, तोच, आणि त्याच्या तोंडात किडे पडो. साऱ्या गल्लीने चावीवाल्याचं नाव दिलं. मशीनने त्या वाळक्या माणसाला सरदार केलं. एवढा मोठा हिरवा गोल. ही बातमी त्याला कळली, त्यानंतर तो पाणी सोडायला आधीपेक्षा उशिरा यायला लागला. सरदार वेळेवर येत नसतात.

पुढचा प्रश्न, 'तुमचा शत्रू कोण?' मुश्ताकभाई म्हणून जुना विणकर होता. माझ्याच हाताखालच्या मागावर वीस वर्षं काढलेला. त्याला विचारलं.

"दुश्मन? लिखो, लोडशेडिंग."

"मुश्ताकभाई, आदमी का नाम बताओ."

"दामूभाई, आदमी हमारा क्या बिगाडेगा? आदमी आता है तो बात कर सकते हैं."

सगळ्या कारखान्यांनी तेच लिहवलं. मशीनने लोडशेडिंग नावाची एक टोळी बनवली. ठावठिकाणा माहीत नाही, रोज ठरल्या वेळी हल्ला करते, एकूण एक समाज तिच्या विरोधात. लाल गोल असा की अर्धी भिवंडी झाकली. सोनटक्के साहेब कपाळाला हात लावून हसला आणि त्याने तो गोल स्वतः मशीनमधून पुसला.

गणेशपुरीच्या वरच्या अंगाला वारल्यांच्या पाड्यावरही गेलो. एक म्हातारी दारात भात पाखडत होती. सोनटक्केने विचारलं, आजी, नाव काय, घरात किती माणसं, पाणी कुठून आणता, कुणाशी भांडण आहे का?

"आधी तुजा नाव सांग," म्हातारी म्हणाली.

त्याने सांगितलं.

"तुज्या आयशीचा?"

तेही सांगितलं.

"तुज्या गावात पानी कुठना येतं? तुजा कोनाशी भांडान हाय? बायको हाय का? का न्हाय? आयशीला किती दिसांत भेटला न्हायस?"

अर्ध्या तासात तिने त्याचा पूर्ण फॉर्म भरला. म्हातारीने सूप आपटलं. "आता जा. तुजा समदा आमाला कलला. आमचा काय कलाया नको तुला." येताना जीपमध्ये तो आईला फोन लावत होता.

असं आमचं फौजी काम चाललं होतं. मी हसत होतो, पगार घेत होतो.

माझ्या घराचा फॉर्म मी घरीच भरला. मंजुळा समोर बसून सुकट निवडत होती. नावं लिहिली, वयं लिहिली. कुटुंबप्रमुख, मी. व्यवसाय, जॉबर. मग तिचा रकाना आला.

"माज्याम्होरं काय लिवलंव?" तिने विचारलं.

"काही नाही."

"काय न्हाय म्हंजे?"

"व्यवसाय काही नाही. घरी असतेस ना?"

"बरं," ती म्हणाली आणि सुकटीतला कचरा काढत राहिली. बायको 'बरं' म्हणाली की समजावं काहीतरी बरं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मला ते समजलं नव्हतं.

त्यानंतर कंपनीने गल्ल्यांच्या तोंडाशी माणसं बसवली. कोण कुठल्या वस्तीतून येतं, कुठल्या घरात जातं, किती वेळ थांबतं, जे दिसेल ते टिपायचं. महिनाभर टिपलं. मग एक गोरा साहेब आला. फौजेतून निवृत्त झालेला, मान जाड, पाण्याची बाटली छातीशी धरलेली. मोठ्या पडद्यावर भिवंडी लावली, आभाळातून काढलेला फोटो. ठिपके, रेघा, रंग. दिव्यांची माळ अंगावर पडावी तशी भिवंडी. सोनटक्के त्याचं बोलणं मला मराठीत सांगत होता.

गोऱ्याने काठी एका लाल गोलावर ठेवली. त्याचे डोळे चमकत होते. त्याचं म्हणणं, या मशीनने जे शोधलंय ते पोलिसांना शंभर वर्षांत सापडलं नसतं. हे एक घर. इथे आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, सूर्य उगवायच्या सुमारास माणसं येतात. एकमेकांच्या वस्तीत पाऊल न टाकणारी माणसं, मोमीन, तेलुगू, आगरी, उत्तरेकडचे भय्ये, आदिवासी. कुणी कुणाशी बोलत नाही. आत पाच मिनिटंही थांबत नाहीत. पैशांची देवघेव होत नाही. आणि जाताना एकही माणूस मागे वळून बघत नाही. अशी शिस्त, गोरा म्हणाला, त्याने फक्त गुप्त टोळ्यांमध्ये पाहिलीय. आणि घरात राहणाऱ्यांच्या फॉर्मवर बघा, बाईचा व्यवसाय, काही नाही.

तेव्हा मी तो गोल नीट बघितला. पिंपळ, त्याच्या बाजूला पिठाची गिरणी, तिसरा पत्रा. तो पत्रा माझा होता. दोन पावसाळ्यांपूर्वी मीच त्याला डांबर लावलं होतं.

मंजुळा काविळीचं औषध देत असे.

आयतवार आणि बुधवार. तिच्या आईला गणेशपुरीकडच्या एका वारलीणीने ती मुळी दाखवली होती, आईने हिला दाखवली. पहाटे उठून मुळी उगाळायची, गाईच्या ताकात कालवायची. रोग्याने उपाशीपोटी यायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, उगवतीकडे तोंड करून प्यायचं, मागे न बघता घरी जायचं आणि आपला उंबरा ओलांडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. असे तीन वार यायचं, तोवर तेल नाही, हळद नाही. पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर गुण जातो. उपकार मानले तरी गुण जातो. बरं वाटलं की दुसऱ्या आजाऱ्याला पत्ता सांगायचा, एवढीच परतफेड. मुसलमान बायका तिला पीलियावाली मौसी म्हणायच्या. आधी ती डोळ्यांची खालची पापणी ओढून बघे, नखं बघे. कुणाचं पोट फुगलेलं दिसलं की औषध न देता सांगे, "ह्ये माजं काम न्हाय, दवाखान्यात ने." गल्लीतला डॉक्टर तिची थट्टा करायचा, "काकी, कावीळ पथ्यानेच उतरते, तुमच्या मुळीने नाही." ती म्हणायची, "मंग पथ्य कोन पालाया लावतं, तू?"

हे सगळं तीस वर्षं माझ्या ओट्यावर चाललं होतं. मी त्या वेळी आत झोपलेलो असायचो, किंवा गर्दीमुळे मोरीत जाता येत नाही म्हणून कुरकुरत असायचो. आणि मी लिहिलं, काही नाही.

मी उभा राहिलो आणि गोऱ्या साहेबाला सगळं सांगितलं. सोनटक्के भाषांतर करत होता. गोरा मान डोलावून ऐकत होता, वहीत लिहीत होता. मला वाटलं पटलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

सोनटक्के खाली बघून म्हणाला, "म्हणतात, बहाणा फार चांगला आहे. हाही मशीनमध्ये टाका. तिकडे उपयोगी पडेल."

मी म्हटलं, माझ्या बायकोचा गोल पुसा. तुम्ही लोडशेडिंग पुसलंत ना.

"काका, ते पुसलं तेव्हा मशीन त्यांना दाखवलं नव्हतं. हा तर नमुना म्हणून तिकडे दाखवणार आहेत. आणि काकींना इथे कोण काय करणार आहे? ती फौज हजारो मैल लांब आहे."

"तिकडेही कुणाची तरी बायको पहाटे उठून मुळी उगाळत असेल ना," मी म्हटलं. "तिच्या दारात शिपाई जाईल तेव्हा सांगायला दामू जॉबर असणार आहे का तिथे?"

मी पाटी टेबलावर ठेवली आणि जिना उतरलो. शौर्य म्हणून सांगत नाही. दुसऱ्या दिवशी पाटी परत उचलली. पगाराला आठ दिवस राहिले होते.

घरी मंजुळाला सांगितलं. वाटलं घाबरेल. ती तांदूळ धूत होती.

"म्हंजे तुमच्या मशीनला दिसलं," ती म्हणाली.

"काय?"

"मी काय करते त्ये."

एवढंच. मग पुढे म्हणाली, "त्या तुमच्या सोनटक्क्याचे डोले कसे हायत? परवा जीपजवल दिसला तवा पिवलट वाटला. गल्लोगल्ली पानी पितो त्यो."

मी म्हटलं, तुला सगळं जग पिवळं दिसतं. पण चार दिवसांत सोनटक्के आडवा झाला. डॉक्टरने कावीळ सांगितली, भरपूर विश्रांती सांगितली. आयतवारी पहाटे मी ओट्यावर आलो तर रांगेत मुश्ताकभाईच्या सुनेमागे आमचा साहेब उभा. स्वेटर घातलेला, लिंबासारखा पिवळा, उपाशी, मुका. त्याने माझ्याकडे बघितलं पण बोलला नाही. गल्लीच्या तोंडाशी त्याच्याच कंपनीचा माणूस बसला होता, त्याने इमानदारीत टिपलं. एक पुरुष, गोदामाकडून आला, तीन मिनिटं थांबला, मागे न बघता गेला. मंजुळाच्या गोलाला आणखी एक रेघ.

तीन वार आला. बरा झाला. विश्रांतीने झाला की मुळीने, डॉक्टर आणि मंजुळा दोघंही आपापलं श्रेय घेऊन मोकळे.

मग सराव संपला, कंपनी गाशा गुंडाळायला लागली. खोक्यांत वायरी भरत होते. सोनटक्केने मला काचेच्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं. लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

"काका, गोल पुसायची मला मुभा नाही. रंगही मशीनच ठरवतं. पण रकाना माणूस भरतो. सांगा, काय लिहू?"

फॉर्मवर लोकांची उत्तरं लिहून घेताना मी कधी अडलो नव्हतो, इथे अडलो.

"लिहा," मी म्हटलं, "काविळीचं औषध देते. सगळ्यांना. पैसे घेत नाही."

त्याने तसंच्या तसं लिहिलं, मग इंग्रजीत केलं, मला वाचून दाखवलं. एक कळ दाबली. मशीनने थोडा विचार केला आणि लाल गोल पिवळा झाला. हिरवा नाही झाला. पैसे न घेणाऱ्या माणसावर पूर्ण विश्वास ठेवणं त्या मशीनच्या स्वभावात नव्हतं.

घरी येऊन सांगितलं, तुझा गोल आता पिवळा आहे.

"मशीन पिवलं पडलं?" मंजुळा म्हणाली. "आयतवारी घेऊन या त्याला. उपाशीपोटी."

त्या दिवशी आम्ही दोघं हसलो तसं परत हसलो की नाही, आठवत नाही.

ती गेली त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. झोपेतच गेली, मंगळवारी. बुधवारची मुळी ओल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवलेली होती. कुठली मुळी, ते मला माहीत नाही. तिने दोन-तीनदा म्हटलं होतं, "शिकून घ्या, माज्यामागं कामी येल." मी म्हणालो होतो, ते बायकांचं काम. माझ्या अडाणीपणाला चौथी पास हे कारण पुरत नाही.

अजून आयतवारी कुणी ना कुणी येतं. लांबचे, ज्यांना कळलेलं नाही असे. मी ओट्यावर बसलेला असतो. ते बोलत नाहीत, मीही बोलत नाही. तिच्या हार घातलेल्या फोटोकडे हात करतो. हात जोडतात आणि जातात. मागे वळून बघत नाहीत. पथ्य पाळतात बिचारे, औषधाशिवाय.

मृत्यूचा दाखला काढायला गेलो होतो. खिडकीतल्या बाबूने नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला. मग व्यवसाय, असं स्वतःशीच म्हणून त्याने लिहायला सुरुवातही केली.

"थांबा," मी म्हटलं. "काविळीचं औषध देत होती. सगळ्यांना. पैसे न घेता."

"आजोबा, पगार होता का?"

"नव्हता."

"मग इथे काही नाही असंच येतं."

मी भांडलो. रांगेतले लोक चुकचुकले. त्या बाबूवर राग नाही, तो मीच होतो, दहा वर्षांपूर्वीचा, पाटी घेतलेला. दाखल्याच्या नोंदीत काही नाही असंच गेलं. त्या दाखल्याने मग रेशनकार्डावरचं नाव कमी झालं, मतदार यादीतलं गेलं. एकेक कागद तिला सोडत गेला.

आता हिशोब एवढाच की मंजुळा काय करत होती, हे या जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. एका परदेशी फौजेच्या मशीनमध्ये, पिवळ्या गोलाखाली, इंग्रजीत. ते मशीन त्यांनी अजून ठेवलंय की फेकलं, कोण सांगणार. संपादकांना मागावरचा लेख हवा होता, त्यांनी समजून घ्यावं. मला दुसरं ठिकाण पाहिजे होतं, आणि ते मराठीत पाहिजे होतं.

मंजुळा दामोदर. व्यवसाय, काविळीचं औषध देणे. सगळ्यांना. पैसे घेत नसे.

आता दोन झाली.